तिच्या वाट्याची जागा

लॅपटॉपच्या डिस्कचे मी तीन भाग केले होते. दोन माझ्या दोन ऑपरेटिंग सिस्टिमसाठी, आणि सर्वांत लहान माझ्या पत्नीचा, सुमतीचा. आज नव्याने विभागणी करायला बसलो, तेव्हा माझे दोन्ही भाग निम्मे रिकामे दिसले. तिचा काठोकाठ भरलेला.

“जागा पुरत नव्हती, तर सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, नको असेल ते काढून टाक.”

“मग काय काढलंस?”

“माझ्या गाण्यांचं रेकॉर्डिंग. गळा चांगला होता तेव्हाचं.”

रेघ मी एकदाच ओढली आणि विसरलो. ती मात्र वर्षानुवर्षे त्या रेघेआड स्वतःला बसवत राहिली. अशा रेघा मी आणखी कुठे कुठे ओढल्या असतील?

तिचा भाग मी दुप्पट केला आणि तिला दाखवला.

“बरं केलंत,” ती हळूच म्हणाली. “पण आता काय ठेवू त्यात?”