बजेटमध्ये बसणारा लॅपटॉप

कामतघरला जुन्या-नव्या लॅपटॉपचं दुकान चालवणारा तो गृहस्थ गिऱ्हाइकाला आधी किंमत सांगायचाच नाही. "काम काय करणार, ते बोला," म्हणायचा. नुसतं टायपिंग असेल, तर महागडा मागणाऱ्यालाही दुरुस्त केलेला जुनाच द्यायचा. "सायकलवर भागतंय, तर ट्रक कशाला घेता?" म्हणूनच मी माझ्या शाळेतल्या मुलांच्या पालकांना डोळे झाकून त्याच्याकडे न्यायचो.

गेल्या वर्षी शेलार गावची माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन माझ्याबरोबर दुकानात आली. तिला इमारतींचे आराखडे काढायच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता. दुकानदाराने कोणतं सॉफ्टवेअर लागेल ते सांगणारा कॉलेजचा कागद दोनदा वाचला, वडिलांना बजेट विचारलं आणि कपाटातले लॅपटॉप एकेक करून पाहिले.

"एवढ्यात जो येईल, त्यावर हे सॉफ्टवेअर नाय चालणार. झूठ कशाला बोलू?"

"मंग न्हाय जमायचं आपल्याला," वडील मुलीला म्हणाले. "दुसरं कायतरी बघ."

मी हप्त्यांचं सुचवलं, तर कर्ज नको म्हणून वडिलांनी मला हात जोडले. मुलीने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

ती आता मानकोलीच्या गोदामात पार्सलांवर लेबलं चिकटवते. मी हे दुकानदाराला सांगितलं, तेव्हा तो एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होता.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"बरोबरच बोललो, सर. पण भंगारातला एखादा तिच्या गळ्यात मारला असता, तर तो बंद पडेपर्यंत तरी पोरगी कॉलेजात गेली असती."