ट्रॅक्टरच्या टाकीत रेशनचं रॉकेल

मंडळी, आत्ताच देवळ्याहून घरी आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

ऐन कांदालागवडीत मामेभावाचा ट्रॅक्टर बंद पडला, म्हणून आमच्या इथल्या द्वारका चौकातला मेकॅनिक घेऊन गेलो होतो. त्याने डिझेल पंप खोलला, तर आत निळं रॉकेल. रेशनचं!

"सगळेच टाकतात रे," भाऊ हसत म्हणाला. "वरून थोडं ऑइल मारलं का काय होत नाय."

काय होत नाय? पंप पार घासून गेला होता.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. डोळे लालभडक, खोकला थांबेना. आत डोकावलो तर चुलीत ओली लाकडं धुमसत होती आणि स्टोव्ह फळीवर कोरडा ठणठणीत.

"वहिनी, रॉकेल मिळत नाही का?"

"मिळतं ना भाऊजी. रांगेत मीच तर उभी राहते."

भावाने एक घोट घेतला आणि त्यांच्यावरच खेकसला, "परत चहाला धुराचा वास?"

अक्षरशः किळस आली मला त्याची. चहा तसाच ठेवून उठलो.

त्याचा पंप दुरुस्तीसाठी माझ्या गाडीत पडलाय. तुम्ही असतात तर दुरुस्त करून त्याला नेऊन दिला असतात?