आबांनी मागितलेली जागा

मंडळी, आज सकाळी दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "आजी, शेवटच्या दिवसांत काय हवंय, काय नको, हे घरच्यांना सांगून ठेवलंय का?" मला एकदम माझे वडील, आबा आठवले आणि रडूच आलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही राहू गावचे, बौद्ध. आबा अंथरुणाला खिळले होते. एका दुपारी ते दादाला म्हणाले, "मला गावाच्या मसणवट्यात न्या, नदीकाठी. सारा जल्म ह्याच गावात गेला माझा."

दादा गावातल्या मोठ्या माणसांकडं विचारायला गेला. ते म्हणाले, "तुमची जागा येगळी हाय. नवी रीत पाडू नका."

तो घरी आला तसं आबांनी विचारलं, "काय म्हणले?"

"व्हय म्हणले, आबा."

आबा समाधानानं हसले. त्याच आठवड्यात गेले. आम्ही त्यांना माळावर, आमच्या लोकांच्या जागेत नेलं. तिथून नदी दिसतसुद्धा नव्हती. दादा वाटभर पुटपुटत होता, "माफ करा, आबा."

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी शेवटचं काय मागितलं होतं? ते त्यांना मिळालं का?