काचेखाली झाकलेले पाय

“ह्यो बी न्हाई,” सरूबाई म्हणाल्या.

माझ्या हातातल्या चिमट्याला ओला फोटो लटकत होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. त्या प्रत्येक थेंबाकडे माझी बायको शैला आतल्या दारातून बघत होती. त्या उन्हाळ्यात लातुरात टँकर यायचा तोही त्याला लहर येईल तेव्हा.

“घरात प्यायला पाणी न्हाई,” ती मला बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “अन् हे परक्या शिपायांना आंघोळी घालून राहिले!”

तिचं चुकत नव्हतं. तेव्हाचा फोटो म्हणजे निम्मं काम पाण्याचं. कागदावर चित्र उमटलं की ते हायपो नावाच्या औषधात बुडवून पक्कं करायचं आणि मग तो हायपो निघून जाईपर्यंत कागद धूत बसायचं. धुण्यात कंजुषी केली की फोटो काही वर्षांनी पिवळा पडणारच. पुस्तकात ‘वाहत्या पाण्यात धुवा’ असं लिहिलेलं असायचं. ते पुस्तक लिहिणारा लातूरला आलेला नसावा.

सरूबाई निलंग्याकडच्या एका खेड्यातल्या. नवरा जर्मनच्या लढाईत फौजेत गेला, मिसरकडे, म्हणजे इजिप्तला कुठेतरी पोहोचला आणि परत आला नाही. मागे राहिली तरणी बायको, पोटातलं पोर आणि तिकडून आलेला एक फोटो. फोटोत पाच शिपाई. मागे तीन उभे, पुढे दोघे उकिडवे बसलेले. त्या पाचांत त्यांचा नवरा होता. कोणता, हा सवाल घेऊन बाई माझ्यासमोर बसल्या होत्या.

खरं तर हा सवाल माझ्याकडे आलाच नव्हता. आली होती साधी ऑर्डर. जिल्हा नवा झालेला. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेबही नवे. रोज कुठेतरी फीत कापली जायची आणि कात्रीसमोर मी उभा असायचो. त्यामुळे मी स्वतःला जिल्ह्याचा फोटोग्राफर समजायला लागलो होतो. जिल्ह्याला हे कुणी कळवलं नव्हतं. तर त्या शनिवारी लढाईत गेलेल्या शिपायांच्या बायकांचा सत्कार होता. स्टेजवर प्रत्येकीच्या नवऱ्याचा मोठा फोटो ठेवायचा, साहेब त्याला हार घालणार. सरूबाईंचा मुलगा वाघमारे नव्या कचेरीत क्लार्क होता. तो फ्रेम घेऊन आला आणि उभ्याउभ्याच बोलला.

“मधला. उंच, मिशीवाला. छातीपर्यंत घ्या. अन् फ्रेम उघडू नका, कागद काचेला चिकटलाय. एकच फोटो हाय आमच्याकडं.”

मला तेच सोयीचं होतं. मी फ्रेमसकट फोटोचा फोटो काढला, त्या निगेटिव्हवरून मिशीवाल्याचं एनलार्जमेंट केलं, म्हणजे चेहरा मोठा करून छापला. माणूस फार रुबाबदार आला. मी मिशी ब्रशने आणखी जरा काळी केली. आमच्या धंद्यात याला सेवा म्हणतात.

फोटो न्यायला मुलाऐवजी आईच आली. खुर्चीच्या अगदी कडेला बसून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “भाऊ, ह्यो न्हाई वाटत.”

“मग कोणता, मावशी?”

“त्येच तर कळंना झालंय.”

शनिवार परवावर आला होता. मी उभ्यांपैकी डावीकडचा काढला, मग उजवीकडचा. एकेक घागर पाणी गेलं आणि एकेक शिपाई नापास झाला. आता पुढचे दोघे बसलेले उरले. त्यातल्या एकाचं डोकं ऐन वेळी हललेलं, त्यामुळे तोंडाच्या जागी नुसता पांढुरका फराटा. त्याला मी मनातून आधीच वगळलं होतं.

तेवढ्यात वाघमारे आला. पाय आपटत. कचेरीतल्या नोकरीबरोबर त्याने नवे काळे बूट घेतले होते, त्यांची पायरीवरच चाहूल लागायची.

“आये, घरी चल. फोटो झालाय न्हवं?”

“दत्तू, त्यो तुझा बाप न्हाई.”

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. मी चिमटा हातात घेऊन भिंतीकडे बघू लागलो. भिंतीवर माझाच फोटो होता, त्याचाही उपयोग झाला नाही.

“जन्मल्यापासून त्याच्या पाया पडून राहिलो मी! बुद्धाच्या फोटोशेजारी लावलाय त्याला. काकानं दाखवलाय मला!”

“तू रडून राहिला होता, मला बाप दाव म्हणून. दिरानं जो उंच दिसला त्यो दावला. पोरगं गप झालं. मी दिरासमोर काय बोलणार?”

“मग आता तू सांग! तोंड कसं होतं माझ्या बापाचं?”

सरूबाईंनी पदर सारखा केला. पुन्हा सारखा केला. “तोंड कुठं बघितलं रे मी?” त्या म्हणाल्या. “सासरा बसलेला, दीर बसलेला. वर बघायची टाप हुती का? सुट्टीवर आला की दारात पायावर पाणी घालायची. पाय बघितले. बुटानं सोलून निघालेले. पाय दावा, सांगते.”

वाघमारे माझ्याकडे बघायला लागला, जणू हे मी शिकवलं होतं.

आणि मग माझी ट्यूब पेटली, जी फ्रेम आल्या दिवशीच पेटायला हवी होती. पुढचे दोघे उकिडवे बसले होते, पण गुडघ्याखाली काहीच नव्हतं. तिथून सोनेरी कडेचा काळा पुठ्ठा सुरू होत होता. बसलेल्या माणसाला गुडघ्यात कापून कोण फोटो काढेल? फौजेतला फोटोवाला कितीही घाईत असला तरी इतका नाही. वाघमारेच्या काकांनी हा फोटो नांदेडला मढवून आणला होता. फ्रेम छोटी, फोटो मोठा. मढवणाऱ्याने पुठ्ठ्याची खिडकी कापताना चेहरे राखले आणि पाय झाकले. कुणीही तेच केलं असतं. मीही करतोच, छातीपर्यंत.

“फ्रेम उघडावी लागेल,” मी म्हणालो.

“फाटला तर?” वाघमारेचा आवाज एकदम लहान झाला. “दुसरा न्हाई ओ.”

“फाटू दे,” आई म्हणाली. “उघडा, भाऊ.”

मागचे खिळे मी पक्कडीने उपटले. शैला दारातून पुढे येऊन उभी राहिली. कागद वरच्या बाजूला खरंच चिकटला होता. वाफ देत, ब्लेडचं पातं सरकवत निघाला. मधल्या रुबाबदार शिपायाची अर्धी टोपी काचेवरच राहिली. बाकी सगळा फोटो सलामत सुटला.

खाली पाय होते. उभ्यांचे बुटात. बसलेले दोघे अनवाणी, बूट काढून शेजारी वाळूत ठेवलेले.

सरूबाई वाकल्या. कडेच्या माणसाशी त्यांचं बोट थांबलं. तोच, डोकं हललेला.

“ह्यो.”

“ह्यो?” वाघमारे ओरडलाच. “ह्याला तर तोंडच न्हाई!”

“पाय हायत न्हवं.”

मी भिंग धरलं. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलं होतं. एका पोत्यावर दुसरं टाकावं तसं.

“असं बोट कुणाचंबी असू शकतं,” वाघमारे म्हणाला.

“बूट काढ.”

“आये, दुकान हाय हे.”

“काढ म्हणते न्हवं!”

जिल्ह्याच्या क्लार्कने खाली बसून नव्या बुटाची नाडी सोडली. मोज्याला भोक होतं आणि भोकातून जे बाहेर डोकावत होतं ते बघितल्यावर मोजा काढायची गरजच उरली नाही. तरी त्याने काढला. त्याने आधी आपल्या पायाकडे बघितलं, मग फोटोकडे. भिंग मागितलं नाही. तसाच बसला, एक पाय बुटात, एक बाहेर.

मग मीच बोललो. म्हटलं, तोंडाची काळजी नको. रीटचिंग, म्हणजे ब्रशने फोटो दुरुस्त करणं, हा माझ्या हातचा मळ. मी मेलेल्यांचे डोळे उघडलेत, उघड्या अंगावर कोट चढवलेत. नाक-मिशी काय, मुलाच्या तोंडावरून उचलून बसवू.

वाघमारेने आशेने आईकडे बघितलं.

“नगं,” सरूबाई म्हणाल्या. “दुसऱ्याच्या तोंडापुढं लई हात जोडले. आता ह्येच ऱ्हाऊ द्या. सगळा घ्या, पायासकट.”

दुसऱ्या दिवशी मी निगेटिव्ह नव्याने काढली आणि माणूस पूर्ण छापला. धुवायला मात्र पाणी नव्हतं. टँकर आलाच नव्हता. बादलीच्या तळाशी होतं त्यात एकदा बुचकळून द्यावा, असा बेत मी करत होतो. तेवढ्यात शैला आतून आली आणि तिने आपली झाकून ठेवलेली घागर ट्रेशेजारी ठेवली.

“नीट धुवा,” ती म्हणाली. “पाय हायत त्याच्यात.”

शनिवारी मी कॅमेरा घेऊन स्टेजखाली उभा होतो. ओळीने करारी चेहरे मांडलेले आणि कडेला हा एकटा, तोंडाचा फराटा आणि पाय लख्ख. साहेब हार घालता घालता थबकले.

“फोटो हललाय का हो?”

“वडील हललेत, साहेब,” वाघमारे म्हणाला. “फोटो बरोबर हाय.”

त्या दिवशी तो चपला घालून आला होता. सरूबाई शेजारी खुर्चीवर बसल्या होत्या. साहेब पुढे गेल्यावर त्यांनी फोटोवरचा हार जरा वर सरकवला. त्याने पाय झाकले जात होते.

तो फोटो अजून पांढराशुभ्र आहे, मी मध्यंतरी बघून आलो. त्याच उन्हाळ्यात मी आमच्या घरच्यांचा एक फॅमिली फोटो छापला होता आणि तो एकाच पाण्यात उरकला होता. त्यात आम्ही सगळे आता कावीळ झाल्यासारखे दिसतो. नातेवाईक आले की शैला तो मुद्दाम काढून दाखवते.

आणि कुणी जुनी फ्रेम घेऊन आलं, की मी नाव-गाव विचारायच्या आधी पक्कड शोधतो.