भंडारा ते रत्नागिरी, दोन सीटा

लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले त्याच वर्षी मामाजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त झाले. ते बांधकाम खात्यात रस्त्यांचे ओव्हरसियर होते. तीसेक वर्षं त्यांनी या भागातले रस्ते आखले, खोदले, खडी टाकून दाबून घेतले. निवृत्तीनंतर दिघोरीच्या शेतीकडे लक्ष देतील असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. शेती त्यांनी पाहिली, नाही असं नाही. पण पहिल्याच हिवाळ्यात ते एका सकाळी आंधळगावला गेले आणि संध्याकाळी एका ट्रकमागे दोरानं बांधलेली मोटार घेऊन परतले.

मोटार बुटकी, लांब नाकाची, वरून उघडी. रंग एकेकाळी हिरवा असावा. मँगनीजच्या खाणीवर पूर्वी एक गोरा इंजिनिअर होता, ती त्याची. तो मायदेशी गेला, गाडी राहिली. चार हात फिरून ती आंधळगावच्या एका राइस मिलच्या शेडमध्ये येऊन पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आत बसायला फक्त दोन जागा. मागे सीटच नाही, हे पाहून आमच्या शेजारणीनं विचारलं, "बाकीचे कोठी बसतेत?" मामाजी म्हणाले, "बाकीचे घरी बसतेत."

इंजिन उघडून साफ करणं, छपराचं फाटलेलं कापड ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेणं, यात त्यांचे सात-आठ महिने गेले. गाडी चालू झाली तेव्हा कळलं की ती कशासाठी आणली आहे. त्यांना तिच्यातून रत्नागिरीला जायचं होतं, समुद्रापर्यंत. नागपूर, वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबा घाट उतरून खाली. यजमान म्हणाले, "समुद्र पाहायचा तर रेल्वेनं जा ना मुंबईला." यजमान कचेरीत नोकरीला होते, त्यांना गाडीत बसलं की मळमळायचं.

"समुद्र कायले पाहू?" मामाजी म्हणाले. "मी रस्ता पाहाले जाऊन राहिलो. समुद्र त रस्ता तिथं संपते म्हणून."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. घाट, पठार, किनारपट्टी फळ्यावर रोज काढायची, आणि स्वतः नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हते. माझं अक्षर चांगलं म्हणून योजनेचं लेखन माझ्याकडे आलं. संध्याकाळी शाळेतून आले, चहा झाला, की आम्ही दोघं ओसरीवर नकाशे पसरून बसायचो.

त्यांची पद्धत खात्यातली होती. रस्त्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याची चौकशी करायची. त्यांनी वाटेवरच्या प्रत्येक जिल्ह्यातला कोणी ना कोणी निवृत्त ओव्हरसियर शोधला आणि प्रत्येकाला कार्ड टाकलं. डांबर कुठपर्यंत, खडी कुठे उखडली आहे, कोणत्या नाल्यावर पूल आणि कोणत्यावर नुसता रपटा, म्हणजे पात्रातूनच जाणारी बुटकी फरशी, झाडी कशी आहे, उतरायला विश्रामगृह आहे का. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नव्हतं, त्यामुळे रपट्यांची त्यांना फार काळजी.

उत्तरं येऊ लागली. पोस्टमन गेला की ती आत्याबाईंसमोर, म्हणजे माझ्या सासूबाईंसमोर, मोठ्यानं वाचली जात. त्या तांदूळ निवडत ऐकायच्या. नांदेडकडच्या गृहस्थानं लिहिलं होतं की पैनगंगा ओलांडल्यावर दहा-बारा मैल दोन्ही बाजूंनी कडुनिंब आहेत आणि त्यातले निम्मे त्यानं स्वतः लावून घेतले आहेत. सोलापूरवाल्यानं कळवलं, रस्ता सरळ आहे, पाहण्यासारखं काही नाही, झोप येईल, सांभाळा. मामाजींना हे उत्तर सर्वांत आवडलं. माणूस खरं बोलतो, म्हणाले.

कोणता रस्ता सुंदर यावर आमचं थोडं वाजायचं. मला तळी, डोंगर, नदीची वळणं हवी होती. त्यांना सुंदर दिसायचा तो नीट काढलेला उतार, पाणी न साचणारी बाजूची नाली, वळणावर बाहेरची कड बरोबर उचललेली. तरी त्यांनी माझ्यासाठी दोन ठिकाणी वाट वाकडी केली. मी प्रत्येक दिवसाच्या रस्त्याची एक लांब पट्टी काढली. कागद जोडून जोडून हातभर रुंद गुंडाळीच झाली. मधोमध रस्त्याची रेघ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जे जे लागेल ते.

पहिली चाचणी दिघोरीपर्यंत ठरली. नकाशा धरायला मी. वैनगंगेचा पूल ओलांडून गाडी पलीकडे निघाली तेव्हा वारा इतका लागला की मला डोळे उघडे ठेवता येईनात. जमीन अगदी जवळून पळत होती. मला ते फार आवडलं. मी तसं बोलले नाही. लाखांदूरकडे वळल्यावर एका कच्च्या तुकड्यावर बैलबंड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या लागल्या आणि गाडी मधल्या उंचवट्यावर पोटानं बसली. चारही चाकं मोकळी. धानाच्या बांधीतून दहा-बारा माणसं वर आली. त्यांतल्या एकानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"काहून जी, इले बैल जुपता येत नाही काय?"

"येत नाही," मामाजी म्हणाले.

त्या माणसांनी गाडी सरळ उचलली. सगळ्यांनी दोन्ही बाजूंनी धरली, वीस पावलं चालले आणि पक्क्या जागी ठेवली. "बंडीहून हलकी हाय," एक जण म्हणाला, आणि ते पुन्हा धान कापायला उतरले. मामाजींनी घरी येऊन योजनेत एक कलम वाढवलं: कच्च्या रस्त्यावर माणसं दिसेपर्यंत थांबावे.

त्याच सुमारास मला योजनेच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. चालक: स्वतः. सोबत: सूनबाई, नकाशासह. मी कोणाला दाखवलं नाही. शाळेत रजा किती शिल्लक आहे ते मात्र पाहून आले.

मग रत्नागिरीचं कार्ड आलं. तिथले ओव्हरसियर मामाजींना कधी काळी एका प्रशिक्षणात भेटले होते. त्यांनी घाटाचं सविस्तर लिहिलं होतं, कुठे धुकं असतं, कुठे दरड येते, कुठे थांबून खाली पाहावं. शेवटची ओळ होती: "वहिनींना घाटात थंडी वाजेल, त्यांचा स्वेटर वरच ठेवा."

मीच वाचत होते. वाचून कार्ड खाली ठेवलं. आत्याबाईंचा सुपावरचा हात थांबला.

"माया स्वेटर कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

मामाजी म्हणाले, "त्यानं असंच लिवलं. रिवाज म्हणून."

"मले स्वेटर नाईच."

"मंग झालं त. तुले वारा कुठी सोसते?"

"सोसत नाही हे कोनं सांगतलं तुमाले?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीस वर्सं मी तुमच्या रस्त्याच्या काठावर रायली. तंबूत रायली. डांबराच्या धुरात भाकरी केल्या. रस्ता झाला का तुमची बदली. नवा तंबू, नवी खडी. झालेल्या रस्त्यावरून मले एक डाव कोनं नेलं काय? मी रस्ता पाह्यला त तो उकरलेलाच पाह्यला."

यजमान वर्तमानपत्र वाचत होते, ते वाचतच राहिले. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला अजून आठवतं, कारण त्यात त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि काय ते मला समजलं होतं.

"आत्याबाईंचं बरोबर आहे," मी म्हणाले.

जागा हातची गेल्याचं वाईट वाटलं. दोन-तीन दिवस मी संध्याकाळी ओसरीवर गेले नाही, वह्या तपासायच्या आहेत असं सांगितलं. चौथ्या दिवशी आत्याबाईच माझ्याकडे गुंडाळी घेऊन आल्या. त्यांना वाचता यायचं, पण अक्षर लावत लावत, आणि चालत्या गाडीत ते जमण्यासारखं नव्हतं. "मले हे समजावून दे," म्हणाल्या.

मग मी सगळी पट्टी पुन्हा काढली, शब्दांशिवाय. देवळाला कळस, विहिरीला गोल, तिठ्याला तीन रेघा, पेट्रोल पंपाला लाल ठिपका. मला वाटलं होतं महिनाभर लागेल. आठवडाही लागला नाही. रस्त्याचं त्यांना सगळं माहीत होतं. मी एके ठिकाणी पुलाची खूण केली होती, ती पाहून त्या म्हणाल्या, "इतक्याशा नाल्यावर पूल कोन बांधते? मोरी असंल." मामाजींनी कार्ड काढून पाहिलं. मोरीच होती. त्या दिवसापासून ते कार्डं त्यांच्यासमोर ठेवू लागले आणि बोलणं त्या दोघांत होऊ लागलं. मी फक्त लिहून घ्यायची. एका तंबूवरून त्यांचं भांडणही झालं, तो पवनीच्या अलीकडे होता की पलीकडे. ते ऐकताना मला कळलं की या दोघांना एकमेकांशी इतकं बोलताना मी आल्यापासून पाहिलं नव्हतं.

स्वेटर मी विणला, तपकिरी. धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, उरकलं, पोती घरात आली, आणि थंडीच्या एका सकाळी दोघं निघाले. सामानाला जागा नव्हतीच. एक पिशवी, एक डबा, पाण्याचा कॅन, इंजिनच्या पंख्याचा जादा पट्टा. आत्याबाईंनी डोक्याला दुपट्टा घट्ट बांधला होता आणि गुंडाळी मांडीवर धरली होती. गल्लीतली माणसं पाहायला जमली होती, पण त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्या समोर पाहत होत्या.

वर्ध्याहून एक कार्ड आलं, सर्व ठीक. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी आमच्या दारासमोर एक ट्रक थांबला आणि त्यावर ती हिरवी मोटार होती. रिकामी. तिचं मागचं एक चाक आत वळलेलं होतं. ट्रकवाला सरकीची पोती उतरवून परतणारा, त्याला यवतमाळपुढे कोणीतरी गाडी आणि पत्ता दिला होता. माणसांचं त्याला काही ठाऊक नव्हतं. तो जेवायच्या घाईत होता.

पाच मिनिटांत गल्ली भरली. शेजारीण रडू लागली. कोणीतरी यजमानांना बोलवायला कचेरीत गेलं. मी ट्रकवर चढले. गाडीला कुठे पोचा नव्हता, काच शाबूत होती, सीटवर रक्त नव्हतं. पिशवी नव्हती, डबा नव्हता. मी सीटखाली हात घालून चाचपलं. गुंडाळीही नव्हती.

यजमान धावत आले तेव्हा मी त्यांना म्हणाले, "ते पुढे गेले आहेत."

"कशावरून?"

"नकाशा नेलाय."

त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही रात्रभर पुरेसं पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या टपालानं कार्ड आलं. मामाजींनी चार ओळी लिहिल्या होत्या. मागचा एक्सल तुटला. जिनिंगवाल्या सज्जनांनी ट्रक मिळवून दिला. मी परतणार होतो, परंतु तुझी आई ऐकत नाही. एस.टी.ने निघालो आहोत, मार्ग तोच.

मार्ग त्यांनी खरोखर तोच ठेवला. ज्या विश्रामगृहांना पत्रं गेली होती तिथेच उतरले, एक-दोन दिवस उशिरा. थेट गाडी असली तरी ती सोडून आमच्या रेघेवरून जाणारी धरायची, त्यासाठी कधी कधी तीन-तीन तास स्टँडवर बसायचं. हे सगळं मला आत्याबाईंनी नंतर सांगितलं. एस.टी.त त्या खिडकीशी बसायच्या आणि खुणेवर बोट ठेवून पुढचं काय ते मामाजींना सांगायच्या. नांदेडच्या अलीकडे कंडक्टर त्यांच्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं त्या रस्त्यावरचा एक पडलेला पूल त्यांच्याकडून नकाशावर खोडून घेतला.

अठराव्या दिवशी दोघं परत आले. आत्याबाईंचा चेहरा रापला होता. त्यांनी माझ्यासाठी शंख आणला होता आणि शेजारणीसाठी कोकमं, ज्यांचं काय करायचं ते तिला शेवटपर्यंत समजलं नाही. समुद्र कसा होता, मी विचारलं.

"लई पानी हाय," म्हणाल्या. "पन धानाले कामाचं नाही." मग म्हणाल्या, "घाट मातर पाहासारखा. एष्टी वळते अना तुमाले वाटते आता रस्ता सरला. सरत नाही."

मामाजींनी एक्सल नागपूरच्या एका लेथवर करवून घेतला, गाडी पुन्हा चालू केली, पण लांब नेली नाही. आंधळगाव, दिघोरी, फार तर साकोली, आणि शेजारच्या सीटवर बहुतेक वेळा आत्याबाई. माझी पाळी म्हणून त्यांनी मला एका रविवारी साकोलीपर्यंत नेलं आणि मी पुन्हा वारा खाल्ला. पुढे मला मुलगी झाली, दोन सीटांत कोणी मावेना.

ऐंशीनंतरच्या कुठल्याशा वर्षी नागपूरच्या एका हौशी माणसानं ती मागितली आणि मामाजींनी हो म्हटलं. तो न्यायला आला त्या सकाळी ते घरी थांबले नाहीत, बांधीवर पाणी पाहायला जातो म्हणाले. किल्ली आत्याबाईंनी दिली. तो माणूस सीटवर बसून इकडे तिकडे दांडा हलवू लागला तेव्हा त्या दाराशी गेल्या, वाकल्या आणि त्याला सांगितलं की तिसरा गिअर जरा आपल्याकडं ओढून टाकावा लागते, नाहीतर अडकते.