माझ्या नावावरचा पहिला पेशंट

सर्जनला किस्से साठवावे लागत नाहीत. थिएटरमध्ये केलेली फजिती आपण हात धुऊन बाहेर यायच्या आत व्हरांड्यात पोचलेली असते. परवा सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत 'या भागातल्या पहिल्या बाई सर्जन' म्हणून माझा सत्कार झाला. निवेदिका 'खडतर संघर्ष' म्हणत होती आणि मला फक्त गाऊन आठवत होता.

ऑपरेशनचे गाऊन तेव्हा पुरुषांच्या मापाचे असायचे आणि मी ही अशी बुटकी. पहिल्याच दिवशी ऐटीत थिएटरमध्ये शिरले, गाऊनवर पाय पडला आणि थेट भूल देणाऱ्या कुलकर्णी डॉक्टरांच्या अंगावर जाऊन आदळले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, झोपवायचंय ते पेशंटला."

मग माझ्यासाठी स्टूल आलं. एकदा स्टुलावर उभी राहून आमच्या विभागप्रमुख सरांना मदत करत होते. शेवटचा टाका त्यांनी मला घालायला दिला. इतका झकास बसला, की जरा लांबून बघावा म्हणून एक पाऊल मागे टाकलं. पाऊल ठेवायला मागे काही नव्हतं.

कपडे बदलायच्या खोल्या दोन. एक डॉक्टरांची, म्हणजे पुरुषांची. दुसरी सिस्टर लोकांची. तिथे "मॅडम, तुम्ही तर साहेब लोक" म्हणून मला घेईनात. मी आपली चादरींच्या खोलीत बदलायची. एके दिवशी मावशी बाहेरून कडी घालून चहाला गेल्या. आत मी, बाहेर अपेंडिक्स!

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. खरं टेन्शन वेगळंच होतं. माझ्याकडून ऑपरेशन करून घ्यायला एकही पेशंट तयार होत नव्हता. मी राउंडला गेले की नातेवाईक माझ्या डोक्यावरून दाराकडे बघायचे, मोठे डॉक्टर कधी येतात म्हणून. शेवटी सरांनी सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत तुझ्या नावावर एक तरी पेशंट दाखव. नाहीतर तुला कुटुंब नियोजनाच्या कॅम्पला पाठवतो." मला सर्जरीच करायची होती. फार रडू यायचं. पण जिथे कपडे बदलायला जागा नव्हती, तिथे रडायला कुठून मिळणार?

तेवढ्यात जासईचा एक ट्रेलर ड्रायव्हर पोट धरून आला. मी त्याला सगळं नीट समजावलं. त्याने विचारलं, "बाई, कापनार तुमी? आनि शिवनार कोन?"

मी म्हटलं, "मीच. अहो, माझे ब्लाऊजसुद्धा मीच शिवते."

त्याने माझ्या ब्लाऊजकडे एकदा नीट बघितलं आणि सरांच्या नावावर ॲडमिट झाला.

महिना संपत आला तेव्हा दिवाळे कोळीवाड्याचे हिराजीबुवा हर्निया घेऊन आले. होडी ओढून ओढून झालेला. बरोबर त्यांची बायको, पार्वतीबाय. मासळी विकून परस्पर आलेली, रिकामी पाटी बाकाखाली सरकवून बसली. मी तपासायला पुढे झाले तर हिराजीबुवांनी लुंगीची गाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. "बाईला नाय दाखवनार. पुरुस डाक्टर बोलवा."

गेला, हाही गेला. गडबड ऐकून सर स्वतः आले आणि म्हणाले, "बुवा, काळजी नको. ऑपरेशन मी करतो."

हिराजीबुवांचा जीव भांड्यात पडला. पार्वतीबायने मात्र सरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग मला न्याहाळलं, आणि नवऱ्याकडे वळली.

"मासली धराला पुरुस जातान. कापाला आजवर कंचा पुरुस बसलाय रं? ही बायच कापल."

सरांनी केसपेपर माझ्या हातात दिला. हिराजीबुवांनी निमूटपणे गाठ सोडली.