पाचवा गज

काच तुटलेली मला लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता दिसली.

आमच्या गावच्या चर्चमध्ये वेदीच्या वर जी मोठी दगडी कमान आहे, तिला तडा गेला होता. त्या तड्यावर मी दोन महिन्यांपूर्वी काचेच्या तीन पातळ पट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. तडा जुना असून थांबला आहे की अजून वाढतो आहे, हे ओळखायची ही साधी रीत. बांधकाम हललं तर काच वाकत नाही, सरळ तुटते. दर रविवारी वाशिमहून यायचं, शिडी लावायची, पट्ट्या बघायच्या. दोन महिने तिन्ही शाबूत होत्या. मग लग्नाच्या आधी आठवडाभर अवकाळी पाऊस झाला, छपरावरचे कवेलू भिजून जड झाले, आणि त्या सकाळी मधली पट्टी मधोमध चिरलेली निघाली. बोट फिरवलं तर दोन तुकड्यांमधली फट नखाला लागत होती.

अकरा वाजता त्याच कमानीखाली माझ्या चुलतबहिणीचं लग्न लागायचं होतं.

मी वाशिमला एका सरकारी खात्यात ओव्हरसिअर आहे. माझा रोजचा संबंध कालव्यांशी आणि पुलांच्या मोऱ्यांशी. पण मी वाढले ती मानोऱ्याच्या पुढच्या या गावात, चर्चच्या कुंपणाला लागून असलेल्या घरात. माझे वडील इथले मास्तर. म्हणजे शाळेचे नव्हेत. फादर नसतील तेव्हा प्रार्थना घेणारे, लहान मुलांना धर्म शिकवणारे, घंटा वाजवणारे, किल्ल्या सांभाळणारे. गावातली वीस-पंचवीस ख्रिस्ती घरं आणि बाकीचं सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं.

चर्च मोठं नाही. काळ्या दगडाच्या दोन लांब भिंती, त्यांवर सागवानी वासे, वाशांवर कवेलू. परदेशातून आलेल्या कुण्या फादरनी ते बांधायला घेतलं, पण बांधलं इकडच्याच मिस्त्र्यांनी, जे एरवी देवळं बांधत. म्हणून वेदीजवळच्या खांबांच्या पायाशी त्यांनी आपल्या सवयीने कमळं कोरली आहेत. दगड मागच्या टेकडीचा. चुना शाळेमागे भाजला, त्या भट्टीचा खड्डा अजून आहे. हे सगळं ऐकीव. कागद कुठे नाही, नकाशा नाही.

मी शिडीवरून उतरले आणि थेट फादरांच्या खोलीवर गेले. फादर दूर दक्षिणेतले, गावात येऊन त्यांना वर्षच झालं होतं. मराठी पुस्तकातल्यासारखं बोलत.

"फादर, आज कोणालाही आत बसवू नका."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "ती आजच पडेल, असे तुम्ही सांगू शकता का?"

"नाही."

"मग उद्या?"

"तेही नाही सांगू शकत. कमान हलतेय, एवढंच सांगू शकते. आणि दोनशे माणसं आत बसणार आहेत."

त्यांनी टेबलावरचा फोन जवळ ओढला. मग म्हणाले, "चर्चबाहेर विवाह लावायचा तर मला बिशपांची परवानगी लागेल. आणि तुमच्या काकांची." शेवटचं वाक्य त्यांनी हळू उच्चारलं.

लग्न पुढे ढकलणं शक्य नव्हतं. पुढच्या रविवारपासून नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होत होता. त्या दिवसांत आमच्यात लग्नं लागत नाहीत. नवऱ्याकडची मंडळी अमरावतीकडून दोन गाड्या करून निघालीही होती.

काका मांडवात खुर्च्या लावून घेत होते. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. शेतकरी माणूस, आवाज मोठा, एकुलती एक मुलगी. मी सांगितलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि हसले.

"काच फुटली म्हून लगन थांबवू? घरात आरसे फुटत नाईत का?"

"काका, लग्न थांबवत नाही मी. जागा बदला म्हणते. शाळेच्या मैदानात लावू."

"मैदानात?" त्यांचं हसू गेलं. "तुह्या आजाचं, तुह्या बापाचं, माह्यं, साऱ्याइचे लगनं त्याच कमानीखाली लागले. माह्या पोरीचंच काहून मैदानात? लोक म्हणतीन, पोरीत कायतरी खोट होती, म्हून देवळात घेतलं नाई."

"लोकांना मी सांगते."

"तू कायले सांगतं? तू सरकारी पूल पाह्य. हे देवाचं घर हाय, तुह्या आजाच्या आजापासून उभं हाय."

तोवर माणसं जमली होती. काकांनी वडिलांकडे पाहिलं. "दादा, सांग तुह्या पोरीले."

वडील हातात किल्ल्या घेऊन उभे होते. मला वाटलं, ते माझ्या बाजूने बोलतील. पट्ट्या चिकटवताना शिडी त्यांनीच धरली होती. पण ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "त्याचं बरोबर हाय. इतके वर्स काई झालं नाई. आज काय होते?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त नवल वाटलं. माझे वडील भित्रे आहेत. जत्रेतला पाळणा जरा जास्त हलायला लागला तरी पोरांना उतरवून घेणारा माणूस. मी मांडवातून बाहेर पडले आणि चर्चच्या भिंतीच्या कडेकडेने चालू लागले. कमान इतकी वर्षं टिकली तर आताच का फाटते आहे, याचं काही उत्तर मिळालं तर काकांशी भांडता आलं असतं.

आमच्या चर्चचं छप्पर दोन्ही बाजूंना उतरतं आहे. असं छप्पर भिंतींना सतत बाहेर ढकलतं. ते थोपवायला जुन्या मिस्त्र्यांनी एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत लोखंडी गज आडवे ताणले होते, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर. प्रत्येक गजाचं टोक भिंतीच्या आरपार बाहेर येतं आणि तिथे ताटलीएवढ्या लोखंडी चकतीवर नटाने आवळलेलं असतं. दोन भिंतींनी एकमेकींचे हात धरून ठेवावेत तसं.

दक्षिणेच्या भिंतीवर मी चकत्या मोजल्या. पाच. उत्तरेच्या भिंतीवर पाच.

आत येऊन वर पाहिलं. गज चार.

पुन्हा मोजले. जन्मापासून मी त्या छताखाली बसत आले होते आणि कधी मोजले नव्हते. पाचवा असायला हवा होता अगदी कमानीसमोर. मी शिडी तिथे सरकवली, वर चढले आणि चुन्याचे पापुद्रे नखाने खरवडले. आत गंजलेल्या लोखंडाचं गोल तोंड निघालं. गज भिंतीच्या पातळीत सफाईने कापला होता आणि वर गिलावा करून लपवला होता.

खाली पाहिलं तर वडील दारात उभे होते.

"बाबा, इथे गज होता."

ते आत आले. वेदीमागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले तर ते पेटीवर बसले होते.

"व्हय. होता," ते म्हणाले. "म्या कापला."

मी शहरात हॉस्टेलवर शिकत होते तेव्हाची गोष्ट. चर्चचा मोठा सण होता आणि त्यासाठी वेदीवर लाकडाचा नवा मोठा क्रूस आणला होता, ख्रिस्ताच्या मूर्तीसह. तो उभा केल्यावर वडील मागे जाऊन बसले आणि त्यांना दिसलं, की मागच्या लोकांना तो गज नेमका मूर्तीच्या गळ्यावरून आडवा जाताना दिसतो.

"पाह्यवेच ना मले. जिथून पाहो, गळ्यावर सुरी ठेवल्यासारखा. तवाचे फादर आठ दिवस बाहेरगावी होते. म्या मानोऱ्याहून वेल्डिंगवाला आणला. फादर आले त म्हणे, छान दिसते, मास्तर. गजाचं कोणाच्या ध्यानातच नाई आलं."

"आणि तडा गेला तेव्हा?"

"तवा समजलं मले."

"मग दोन महिने बोलला का नाहीत?"

ते किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. "चाळीस वर्स लोकाइले सांगतलं, कबूल करा, मोकळे व्हा. मलेच नाई जमलं, बाई."

बाहेर कुणीतरी बँडवाल्यांना जागा दाखवत होतं. साडेनऊ झाले होते. मी म्हणाले, "काकांना सांगावं लागेल. मी सांगू?"

"नाई. मीच सांगतो."

ते मांडवात गेले. खाली बसलेल्या, उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर, टोपी काढून त्यांनी सांगितलं. आवाज फार मोठा नव्हता, पण मांडव इतका शांत झाला की कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "पोरगी खरं बोलून राह्यली. चूक माही हाय. आत कोणाले बसू देऊ नोका."

काका पुढे आले. "दादा, तू?" एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून निघून गेले. मला वाटलं, आता सगळंच मोडलं. पण नवरी, माझी बहीण, हळदीच्या अंगाने घरातून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, मैदानात ऊन कवा येते? त्या हिशोबानं टेबल मांडा."

फादरांचा फोन बिशपांना लागायला पाऊण तास गेला. परवानगी मिळाली. मग प्रश्न आला, वेदीवरचं सामान आणायचा. प्याला, ग्रंथ, मेणबत्त्या, सगळं त्या कमानीच्या पलीकडे. मी आणि फादर एकदमच पुढे झालो, पण वडिलांनी आम्हाला हाताने मागे सारलं.

"किल्ल्या माह्याजवळ हायेत," ते म्हणाले आणि एकटे आत गेले.

मी दारात उभी राहून त्यांना पाहत होते. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ते कमानीच्या बरोबर खाली थांबले आणि गुडघे टेकून बसले. वरून थोडी माती गळाली. उन्हाच्या पट्ट्यात ती खाली येताना मला स्पष्ट दिसली. "बाबा, उठा," मी ओरडले. ते उठले नाहीत. मी मनात आकडे मोजायला लागले आणि सत्तरच्या पुढे चुकले. मग ते उठले, ग्रंथ छातीशी धरला आणि सावकाश चालत बाहेर आले. मी त्यांच्यावर खूप ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं.

लग्न मैदानात लागलं. नीट लागलं. काका मुलीचा हात धरून आले, मुलीला आशीर्वाद दिला, पाहुण्यांना जेवू घातलं आणि आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आणि त्या दिवशी काहीच पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवसांनी काका कुंपणापलीकडून जाताना मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पडलं का देऊळ?" पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मी दर रविवारी जात होते. बाकीच्या दोन पट्ट्यांपैकी एक आणखी तुटली होती. आम्ही कमानीखाली लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले होते, दार बंद होतं आणि मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, शाळेच्या व्हरांड्यात होत होती. माझं सांगणं खरं ठरावं असं वाटणं म्हणजे कमान पडावी असं वाटणं. त्या विचाराची मला भीती वाटे. वडील जेवायचे कमी झाले होते. मास्तरकी सोडतो म्हणून त्यांनी फादरांना सांगितलं. फादर म्हणाले, "आधी दुरुस्ती होऊ द्या."

जुन्या दगडकामातलं जाणणारे मिस्त्री मला किन्हीराजा गावाकडे सापडले. बौद्ध वस्तीतले, साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी कमान पाहिली, मग खांबाखालचं कमळ हाताने चाचपलं आणि विचारलं, "हे कोण्या गावच्या लोकाइचं काम?" कुणालाच माहीत नव्हतं. दोन दिवसांनी ते नवा गज घेऊन आले.

पद्धत अशी होती. जुने तुकडे काढून नवा गज दोन्ही भिंतींतून आरपार घालायचा, मधोमध तापवायचा, तापून तो लांब झाला की बाहेरचे नट आवळायचे. मग निवताना गज आखडतो आणि भिंतींना आत ओढतो. जास्त ओढला तर कमानच चिरडायची. मिस्त्र्यांचा माणूस दक्षिणेला, मी उत्तरेला पाना घेऊन, मिस्त्री आत परांचीवर चढून गजाला ज्वाला धरून. कमानीच्या माथ्यावरून ओळंबा सोडला होता, आणि तो किती सरकतो हे आतून कुणीतरी ओरडून सांगायला हवं होतं.

वडील आधीच आत जाऊन उभे होते. या वेळी मी काही बोलले नाही.

"आवळा," मिस्त्री आतून ओरडले. मी पाना फिरवला. "आणखी अर्धा. बस." मग वाट पाहणं. दहा मिनिटं, पंधरा. भिंतीच्या आतून टक् असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा. माझा हात पान्यावरच राहिला.

"बाबा?"

मी भिंतीला कान लावला.

"बाबा!"

"सरकला," त्यांचा आवाज आला. "सूतभर आत आला. माती पडली थोडी. मी हावो."

तसं तीनदा केलं, तीन दिवस. मग मिस्त्र्यांनी चुना भरून तडा बुजवला आणि मी नव्या काचा चिकटवल्या. त्यांतली एकही पुढच्या पावसाळ्यात तुटली नाही.

काका नाताळात चर्चला आले नाहीत. मुलगी पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्यासोबत आले, आणि मागच्या सतरंजीवर बसले. वडिलांशी बोलायला त्यांना आणखी चार महिने लागले. बोलले तेही बैलाच्या दुखण्याबद्दल.

वडील अजून मास्तर आहेत. मे महिन्यात मी सुट्टी काढून गावी गेले आणि चर्चचा नकाशा काढायला घेतला, म्हणजे पुढच्या माणसाला कुठे काय आहे ते कळेल. टेपचं दुसरं टोक वडील धरत होते. पश्चिमेच्या दाराची रुंदी घेऊन झाल्यावर ते म्हणाले, "खाली चौकटीजवळ एक बारीक दरवाजा बुजवला हाय. तो म्या नाई बुजवला. माह्या बापानं सांगतलं होतं मले. तोही लिहून घे."

मी लिहून घेतलं.